दाव्यांचा लोंढा, सर्व्हेअरची वाट

प्रश्न: पुरानंतर दुसऱ्याच दिवशी विम्याचा दावा नोंदवला. ओळखीच्या एकांनी चार दिवसांनी नोंदवला, तरी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर त्यांच्याकडे आधी गेला. वशिला लागतो का?

उत्तर: वशिल्याशिवायही असं होतं. मोठ्या आपत्तीत दावे नोंदणीच्या तारखेप्रमाणे घेतच नाहीत, कारण पैशांआधी माणसं कमी पडतात. हिशेब करून पाहा. एक सर्व्हेअर दिवसाला पाच घरं नीट पाहू शकतो असं धरा. सर्व्हेअर 100 आणि दावे 10,000, तर नुसती पहिली फेरीच 20 दिवसांची. म्हणून दाव्यांचे ढीग पाडतात. किरकोळ नुकसान फोटो-व्हिडिओ पाहूनच निकाली निघतं. घर पार कोसळल्याचं उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या छायाचित्रांत दिसत असेल, तर पाहणीची वाट न बघता काही आगाऊ रक्कम सोडता येते. ज्यांना राहायला जागाच उरली नाही, ते वर घेतले जातात. उरतो मधला ढीग: भिंती उभ्या, पण आतून भिजलेल्या. तिथे माणूस पाठवल्याशिवाय गत्यंतर नसतं आणि रांग नेमकी तिथेच तुंबते.

घाईनं एकच दावा फोनवर, ॲपवर आणि एजंटमार्फत असा तीनदा नोंदवू नका. तीन क्रमांक पडतात, आणि कोणीतरी ते जुळवेपर्यंत तिन्ही लटकतात.

प्रश्न: सर्व्हेअर येईपर्यंत घरातला चिखल तसाच ठेवायचा का?

उत्तर: मुळीच नाही. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. फक्त पुरावा आधी, झाडू नंतर. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो घ्या. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून टिपा. उपकरणांवरच्या मॉडेल व सिरीयल क्रमांकाच्या पट्ट्यांचे जवळून फोटो हवेत. गादी, गालिचा टाकण्याआधी हातभर तुकडा कापून ठेवा. पंपाच्या भाड्याची आणि मजुरीची पावती जपा.

भिजलेली मोटर किंवा फ्रिज ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका. जळाला, तर ते पुराचं नुकसान की तुमच्या हातचं, हा वाद उभा राहतो. गिलाव्याचीही घाई नको. ओल मोजण्याच्या यंत्रानं भिंत सुकल्याची खात्री होण्याआधी ती झाकली, की आत बुरशी धरते, गिलावा सुटतो आणि दुसऱ्या पाहणीसाठी तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला.

प्रश्न: अर्जात नुकसान कोणत्या दिवशी, किती वाजता झालं असं विचारलंय. पाणी तर चार दिवस होतं. काय लिहू?

उत्तर: पाणी घरात पहिल्यांदा शिरलं ती वेळ लिहा, पुढे पातळी चढली असेल तर तेही. हा निव्वळ कारकुनी प्रश्न नाही. विमा कंपनी आपला बोजा पुनर्विमा कंपनीशी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीशी, वाटून घेते. त्यातला एक नेहमीचा प्रकार असा: एका घटनेत ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान विमा कंपनीनं सोसायचं, त्यावरचं एका मर्यादेपर्यंत पुनर्विमा कंपनीनं. आता ‘एक घटना’ कशाला म्हणायचं? करारात तास लिहिलेले असतात. वादळाला बहुधा 72, पुराला बहुधा 168. तेवढ्या तासांतले दावे एका घटनेचे. त्याबाहेरचे दुसऱ्या घटनेत जातात, आणि कंपनीला आपला वाटा पुन्हा पहिल्यापासून सोसावा लागतो. म्हणून प्रत्येक दाव्यावर घटनेचा सांकेतिक क्रमांक टाकतात.

हे किती किचकट होतं ते न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या परिसरात दिसलं. सप्टेंबर 2010 आणि फेब्रुवारी 2011 च्या भूकंपांत तीच घरं पुन्हा पुन्हा हादरली. कुठला तडा कुठल्या धक्क्याचा, हे ठरवण्यात वर्षं गेली. तिथल्या ‘एएमआय’ या विमा कंपनीला तर सरकारला आधार द्यावा लागला. फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर केवळ मागच्या अनुभवावर विसंबणं सुटलं आणि संगणकावर हजारो काल्पनिक वादळं चालवून नुकसानीचा अंदाज बांधण्यावर भर आला.

‘पुनर्विम्याचे पैसे यायचेत’ हे कारण कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. तुमचा करार विमा कंपनीशी आहे, पुनर्विमा कंपनीशी नाही.

प्रश्न: सर्व्हेअरनं धरलेल्या खर्चाच्या दीडपट गवंडी मागतोय. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही असू शकतं. सर्व्हेअरच्या तक्त्यातले दर अनेकदा आपत्तीआधीचे असतात. हजारो घरांची कामं एकदम निघाली की गवंडी, सुतार मिळेनासे होतात आणि सिमेंट-पत्रा महागतो. कंपन्या एकूण नुकसानीच्या अंदाजात ही वाढ धरतात, पण ती तुमच्या फाइलपर्यंत आपोआप पोचेलच असं नाही. दोन कंत्राटदारांकडून तारीखवार अंदाजपत्रकं घ्या. ‘भिंत दुरुस्ती’ असं मोघम नको. ‘गिलावा 32 चौरस मीटर, दर अमुक’ असं हवं. मापं जुळली तर भांडण दरापुरतं उरतं आणि ते कागदावर मिटू शकतं. मापच चुकलं असेल, तर कोणत्या खोलीचं, ते लेखी कळवा.

भाव चढले म्हणून विम्याची रक्कम मात्र वाढत नाही. अनेक पॉलिसींत असं असतं, की घर उभारायला 40 लाख लागणार असताना विमा 30 लाखांचाच असेल, तर 8 लाखांच्या नुकसानीला 6 लाखच हाती पडतात, आणि त्यातूनही ठरलेली वजावट, म्हणजे विमाधारकानं स्वतः सोसायचा वाटा, कापली जाते.