गावच्या साइटसाठी विक्स, वर्डप्रेस की ब्लॉगर?

तुम्ही विचारायलात की गावाचा इतिहास, यात्रेचे फोटो आणि पुण्या-मुंबईला गेलेल्यांसाठी बातम्या टाकायच्यात, तर साइट बनवायच्या या तीन सोयींतली कोणती घ्यावी. ब्लॉगर घ्या. फुकट आहे, स्वतःचं डोमेन (साइटचा नावाचा पत्ता) जोडायला जास्तीचे पैसे लागत नाहीत, गावातलं कुणीही पोरगं मोबाइलवरून पोस्ट टाकू शकतं. विक्स दिसायला लई भारी, पण तिथं बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) नेता येत नाही, मग मला ते नकोच.

पण डोमेन कुणाच्या नावावर घेणार ते आधी सांगा.

आमचं गाव उदगीरकडं. आम्ही गावच्या साइटसाठी निजामाविरुद्धच्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा केल्या होत्या, 1948 ची पोलिस कारवाई डोळ्यानं बघितलेली माणसं तेव्हा होती. माझे चुलत आजोबा सांगायचे, रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, यायलेत कळलं की बाया लेकरं घेऊन कडब्याच्या गंजीमागं बसायच्या आणि लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायच्या. हे असलं कुठल्या पुस्तकात मिळतंय का? साइट बनवणाऱ्यानं सगळं जुन्या फाँटमध्ये टाइप करून त्याचे फोटो चढवले, म्हणजे गुगलवर शोधलं तर एक ओळ सापडायची नाही. मी बैठकीत म्हणलो होतो की युनिकोडमध्ये, म्हणजे गुगलला वाचता येणाऱ्या अक्षरांत टाका आणि डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, तर मोठी मंडळी म्हणे आपलाच पोरगा आहे, कशाला संशय घेतो. पुढं तो नोकरीला गेला, फोन उचलेना, रिन्युअलचे मेल त्याच्याच ईमेलवर जायचे, डोमेनची मुदत संपली आणि भलत्याच माणसानं ते घेतलं, होस्टिंगवरचं पण सगळं गेलं. आजोबांचं तेवढं माझ्या वहीत होतं म्हणून राहिलं, बाकीच्यांचं गेलं आणि ती माणसंही आता नाहीत. कमिटी आजही म्हणते तांत्रिक अडचण आली. कसली तांत्रिक अडचण? नाव आणि ईमेल संस्थेचं असतं तर दुसऱ्या कुणीही पैसे भरून चालू ठेवलं असतं की, डॉट इनचं वर्षाचं भाडं यात्रेतल्या एका बॅनरएवढंही नसतंय.

म्हणून संस्थेचा वेगळा ईमेल काढा, त्याला अध्यक्ष आणि सचिव दोघांचे नंबर जोडा, डोमेन एकदम पाच वर्षांसाठी घ्या, आणि बैठकीच्या प्रोसिडिंगमध्ये तसा ठराव लिहून सह्या घ्या. कुणी म्हणलं आपलाच माणूस आहे, तर त्याचीच सही पहिली घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, ती फाइल अधूनमधून उतरवून दोघा-तिघांकडं ठेवा.

हां, ऑनलाइन वर्गणी, पावत्या, सभासदांचं लॉगिन असलं काही पाहिजे असेल तर ब्लॉगर पुरायचं नाही, वर्डप्रेसच घ्यावं लागेल. त्याचे प्लगइन (वर जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वेळच्या वेळी अपडेट करणारा माणूस गावात असला तरच.