आर्किटेक्ट व्हायचं की फर्निचर डिझायनर?

तुझं पत्र मिळालं. सांगलीत पप्पांचं फर्निचरचं वर्कशॉप, तू बारावी सायन्सला, आल्व्हार आल्टोच्या तीन पायांच्या स्टुलाचं वेड लागलंय आणि घरी म्हणतायत आर्किटेक्ट हो, 'सुतारकामासाठी कॉलेजला कशाला जायचं'. आल्टो पण आर्किटेक्टच होता ना, मग मी पण तेच करू का, असं विचारलंयस.

होता ना. फिनलंडचा माणूस, जन्म 1898, डिग्री 1921 ची. पण त्याची प्रसिद्ध खुर्ची आली कुठून ते बघ. फिनलंडमधल्याच पाइमिओ गावी टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम बांधत होता, 1933 मध्ये ते झालं. आणि हा बाबा विचार कसला करतोय, तर पेशंट दिवसभर आडवा असतो म्हणजे त्याला भिंत नाही, छत दिसतं, मग छताचा रंग शांत हवा, दिवा डोळ्यात यायला नको, दोघांच्या खोलीत एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा आकारसुद्धा असा की पाण्याचा आवाज होऊ नये! खुर्चीची पाठ पण अशी कललेली की श्वास घेणं सोपं जावं. तेव्हा फॅशन स्टीलच्या नळ्यांची होती, त्याच्या स्वतःच्या घरात पण होत्या, पण आजारी माणसाच्या अंगाला स्टील गार लागतं म्हणून तो बर्चच्या लाकडाकडे वळला.

आता लाकूड वाकवायचं कसं हे त्याला एकट्याला थोडंच येत होतं? तुर्कू शहराजवळ ओटो कोर्होनेन नावाचा फर्निचरवाला होता, त्याच्या कारखान्यात दोघांनी कित्येक प्रयोग केले. तुझ्या त्या स्टुलाचा पाय तिथलाच, 1933 चा. बर्चच्या जाड पट्टीला टोकाकडून लाकडाच्या रेषेच्या दिशेने करवतीने चिरा पाडायच्या, चिरांमध्ये सरस लावून पातळ विनिअर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पापुद्रा, सरकवायचं आणि मग वाकवायचं, की काटकोनात वळलेला पाय तयार, वर सीटला थेट स्क्रू. पुढे 1935 मध्ये आल्टोचं फर्निचर विकणारी आर्टेक कंपनी निघाली, तिथे त्याची बायको आइनो, ती पण आर्किटेक्ट, डिझाइनचं काम बघायची. (हे घरी मुद्दाम सांग.)

म्हणजे कोर्होनेन तुझ्या घरातच आहे गं!

कोर्सचं सांगते. बी.आर्कला, म्हणजे आर्किटेक्टच्या डिग्रीला, 5 वर्षं, प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईईचा पेपर 2, आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन असल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. एनआयडीचं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचं, बी.डेस. (डिझाइनची डिग्री) 4 वर्षांचं, त्यात फर्निचर डिझाइन घेता येतं, परीक्षा वेगळी. दोन्ही दे. पण खरं सांगू, दोन पानी पत्रात तू मोडलेल्या खुर्च्यांचे सांधे कुठून सुटतात यावर दीड पान लिहिलंयस आणि बिल्डिंगचा एक शब्द नाही, त्यामुळे नुसत्या दारावरच्या पाटीसाठी 5 वर्षं घालू नकोस, माझं मत एनआयडीकडे आहे. पप्पांना मी फोन करेन, ते काळजीपोटी बोलतायत, त्यांनी पेमेंटसाठी लोकांच्या दारात खेटे घातलेत.

तोवर एक काम कर. पप्पांकडून एक हातभर पट्टी माग आणि तो पाय वाकवून बघ. पहिल्या दोन-तीन मोडतीलच. कुठे मोडल्या त्याचे फोटो मला पाठव.