गोधडीचं डिझाईन आधी कागदावर काढता का? आणि नोकरी-घर सांभाळून रोज किती वेळ देता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते खाली देते. पण पहिल्यातला 'कागद' शब्द वाचला आणि राहवलं नाही.

कागदावर काढू नका. मी काढलं होतं, म्हणून सांगते.

मी खटाव तालुक्यातल्या एका गावची सून. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून हायस्कूलला चित्रकला शिकवते. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवायचं, त्यांच्याकडून संकल्पचित्रं घोटून घ्यायची, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळं रचना म्हणजे आधी पेन्सिल, हे डोक्यात पक्कं बसलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आत्यांनी (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात) गोधडीसाठी ट्रंक उघडली, तेव्हा मी म्हटलं, थांबा, या वेळी मी करते. आलेखाच्या कागदावर चौकोन आखले, रंग भरले. लाल कमी पडला म्हणून वडूजच्या बाजारातून दीड मीटर पॉपलीन आणलं. निळ्यासाठी ह्यांची टेरिकॉटची जुनी पँट फाडली. पिवळा एका वायलच्या पातळाचा. दीड महिना शिवत होते. गोधडी अशी देखणी झाली की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. आत्यांनी हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "धुऊ दे एकदा."

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. त्या वर्षी येरळेला पाणी होतं. ओली गोधडी एकटीला पिळत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पीळ घालायचा असतो. आम्ही दोघींनी माझी गोधडी पिळली, खडकावर पसरली आणि ऊन लागेल तशी ती आक्रसत गेली. पॉपलीन नवं होतं, ते आटलं. टेरिकॉट आटत नाही, त्याचे फुगे आले. वायल टाक्यांशी फाटलं. आतली जुनी लुगडी मात्र जशीच्या तशी होती, कारण त्यांना जे आटायचं होतं ते वीस वर्षांपूर्वीच आटून झालं होतं. रंग मी जुळवले होते. कापडाकडं बघितलंच नव्हतं.

आत्या काही बोलल्या नाहीत. सुगी झाली, संक्रांत झाली, मग एके दिवशी त्यांनी ती गोधडी उसवायला घेतली. टेरिकॉट बाजूला टाकलं. बाकीच्या तुकड्यांत ट्रंकेतले आणखी मिसळले आणि तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी ओसरीवर बसून ते वेगळे केले. अंधारात. रंग दिसतच नव्हते. एकेक तुकडा दोन बोटांत चोळायचा, कानाजवळ थोडा ताणायचा आणि तीनपैकी एका ढिगात टाकायचा. एका ढिगात मऊ, दुसऱ्यात ताठ आणि तिसऱ्यात मेलेलं. मेलेलं म्हणजे ज्याचं सूत दमलंय ते. तेही फेकायचं नसतं, दोन धड थरांच्या मध्ये घालायचं. ऊब तेच धरतं.

मग त्यांनी विचारलं, "कुणाची करायची?"

माझ्या कागदावर हा प्रश्न नव्हताच.

मामांची करायची ठरली. मामा, म्हणजे माझे सासरे, गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडलं, त्यातले ते एक. गावी आले ते परत गेले नाहीत. त्यांना उजव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपायची सवय, त्यामुळं त्यांची प्रत्येक गोधडी गुडघ्याशी आधी विरायची. आत्यांनी तिथं लुगड्याचा काठ उभा-आडवा दुहेरी घेतला. नऊवारीची बसण्याची जागा सगळ्यात आधी जाते, ती कापून काढली. फाटक्याखाली धड येईल आणि धडाखाली फाटकं, असे थर लावले. एका थराची भोकं दुसऱ्याच्या भोकांवर येऊ दिली नाहीत. चार थर, चार कोपऱ्यांवर चार दगड. हे सगळं डोक्यात. मध्ये चुलीवरचं दूध बघून यायच्या आणि पुढचा तुकडा बरोबर जागेवर ठेवायच्या.

पायाकडं त्यांनी गडद कापडं घेतली. तोंडाच्या बाजूला गिरणीच्या दुकानातून मामांनी संपाआधी आणलेला मांजरपाट आडवा सलग लावला. तो इतकी वर्षं ट्रंकेत होता, पण कोरा नव्हे. चारदा धुऊन ठेवलेला. मी विचारलं, एवढं पांढरं एका जागी का? म्हणाल्या, "तोंडाकडं पांढरं असावं. कंदिलात इच्चू-किडा दिसतुया. आन् पायाकडं माती लागती, तितं काळं."

टाके बाहेरून आत घातले. कडेनं एक फेरा, कोपऱ्यावर वळायचं, बोटभर आत सरकून दुसरा फेरा, असं मधोमध येऊन संपवायचं. कडा आधी बांधल्या की आतले थर सरकत नाहीत. सुईत दोरा हातभरच घ्यायच्या. लांब दोरा आळशी बाईचा, असं त्यांचं मत, आणि मला ते पटलेलं आहे. लांब दोरा प्रत्येक ओढीला कापडात घासून विरतो. त्या गोधडीतला साधारण तिसरा हिस्सा मी शिवला. माझे टाके ओळखू येतात, ते सारखे आहेत. आत्यांचे जाड जागी आखूड आणि पातळ जागी लांब आहेत. मला आधी ती चूक वाटायची. त्या गोधडीनं अनेक दसरे बघितले आहेत आणि आजही ती सपाट पसरते.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. कॉलेजातली माझी एक मैत्रीण पुण्यात वस्त्रकलेचं काम करते. 2011 मध्ये तिनं एक प्रदर्शन भरवलं आणि ही गोधडी मागून नेली. आम्ही दोघी बघायला गेलो, आत्या इरकल नेसून. गोधडी भिंतीवर छान लावली होती, दिवे सोडले होते. शेजारी चिठ्ठी होती. खालच्या गडद भागातून वरच्या पांढऱ्याकडं जाताना क्षितिजाचा अनुभव येतो, असं काहीतरी लिहिलं होतं. त्याखाली 'संकल्पना आणि मांडणी' म्हणून माझं नाव आणि 'हस्तकाम: ग्रामीण महिला.'

आत्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं आणि मला विचारलं, "ही कोण?"

मी मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हटलं, हे चूक आहे, मांडणी सगळी त्यांची आहे. ती म्हणाली, "अगं, त्यांनी सवयीनं लावलं. संकल्पना म्हणजे आधी केलेला विचार. त्यांच्याकडं एक तरी रेखाटन आहे का?" आणि मी गप्प बसले. लोक जमले होते, माझे विद्यार्थी आले होते, चिठ्ठीवर माझं नाव होतं. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

तेव्हा बोलायला हवं होतं ते आता सांगते. विंचू दिसावा म्हणून पांढरं वर घेणं हा विचार आहे. कुणाचा गुडघा कुठं येतो हे माहीत असणं हा विचार आहे. चार थरांची भोकं एकमेकांवर न येऊ देणं हे कागदावर करून दाखवा, मी एवढी वर्षं चित्रकला शिकवते, मला जमत नाही. आणि क्षितिज? ते तिथं आहेच. मलाही दिसतं. नवऱ्याच्या गिरणीतला शेवटचा मांजरपाट त्याच्याच उशाशी सलग, न कापता लावणारी बाई नुसत्या विंचवाचा विचार करत होती, असं मला वाटत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या विंचवाबद्दलच बोलल्या असत्या.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनीही अशाच, शेतातल्या कामाच्या विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. मिसूरी पेटवे या बाईंनी 1942 मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. 2002 मध्ये त्या वस्तीतल्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. तिथं गोधड्यांखाली करणाऱ्या बायकांची नावं होती. 'ग्रामीण महिला' नाही. इतकं लांब जायचं नसेल तर उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्या चारी कोपऱ्यांवर तुकड्यांच्या घड्या घालून 'फूल' लावतात आणि फुलाशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. रेखाटन त्याही काढत नाहीत. त्यांनाही सवयच म्हणायचं का?

म्हणून माझा सल्ला असा. जमिनीवर बसा, टेबलावर नको. कापडं आधी धुऊन वाळवा. रंगाची शंका असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. मग डोळे मिटून चोळा आणि ढीग करा. ज्या माणसाची गोधडी आहे ते कसं झोपतं ते विचारा. तुकडे लावा आणि एक रात्र तसेच राहू द्या. सकाळी दारातून येताना काय खटकतं ते हलवा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर चालेल. मग टाचून घ्या, लांब कच्चे टाके. आणि शेवटचा फेरा संपला की कोपऱ्यात दोऱ्यानं नाव घाला. ज्यांनी ज्यांनी टाका घातला त्या सगळ्यांचं. शेजारीण अर्धा तास बसली असेल तर तिचंही. हे शेवटचं सोडून बाकी काही नाही ऐकलंत तरी चालेल.

वेळेचं. चार बाय सहा फुटांची गोधडी बोटभर अंतरानं शिवली तर टाक्यांची एकूण लांबी शंभर-सव्वाशे मीटर भरते. मी जेवणं, भांडी, उद्याचा डबा झाल्यावर साडेनऊ ते अकरा बसते. दोन-सव्वादोन मीटर होतात. म्हणजे दीड-दोन महिने, एकही दिवस खाडा न करता, आणि तसं कधी होत नाही. परीक्षेचे पेपर असले की महिनाभर सुईला हात लागत नाही. मांडायचं काम मात्र सुट्टीतच ठेवते, कारण जमीन दोन दिवस अडते आणि घरातली माणसं कडेकडेनं चालतात. पाठीसाठी भिंतीला टेकून बसा, एक गुडघा वर. चाळिशीनंतर रात्री गडद कापडावर गडद दोरा घेऊ नका.

मशीनवर शिवलेलीला मी गोधडी म्हणत नाही. मशीन चारी थर सारखेच दाबतं, जाड-पातळ त्याला कळत नाही. अर्थात तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मशीन चालतं, ते रोज धुवायचं असतं आणि थर दोनच असतात. ज्या बायकांचं पोट गोधड्या शिवण्यावर आहे त्यांनी मशीन घेतलं तर मी कोण बोलणार? हातानं शिवलेल्याची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. आणि हो, कागदाबद्दल मी वर फारच ठासून बोलले. तुम्हाला मोर, वेल, अक्षरं असं काही कापून लावायचं असेल तर त्या आकृतीपुरता कागद लागतो, मीही वापरते. नवंच कापड वापरायचं असेल तर आधी दोनदा धुऊन आटवून घ्या, मग आलेखाचा कागदही तुम्हाला एवढा फसवणार नाही.

मैत्रिणीचा या महिन्यात फोन आला होता. नवीन प्रदर्शन आहे, तीच गोधडी परत हवी आहे. आत्या जाऊन सहा वर्षं झाली. मी देते म्हटलं, पण चिठ्ठीचा मजकूर मी लिहून पाठवला. त्यात संकल्पना, मांडणी आणि शिवण यापुढं आत्यांचं पूर्ण नाव आहे, माहेरच्या गावासकट, आणि शेवटी 'शिवणात मदत' म्हणून माझं. त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, ते आधी त्या भिंतीवर यायला हवं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. गोधडी माझ्याच कपाटात आहे.