एप्रिल-मेमध्ये तीन आठवडे इटली फिरायचीय. ट्रेन बरी की कार?

दोन्ही, पण एकाच वेळी नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ट्रेननेच करा. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं साधारण दीड तास, तिथून व्हेनिस दोन-सव्वादोन तास. ही तिकिटं लवकर काढली की बरीच स्वस्त पडतात. रेजिओनाले, म्हणजे तिकडच्या पॅसेंजरचं भाडं मात्र ठरलेलं असतं. तिचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो.

कार फक्त टस्कनीच्या खेड्यांसाठी, चार-पाच दिवस. तिथल्या पिएन्झा गावाच्या आसपास बस फार कमी. आणि मेमध्ये हिरव्या शेतांत पॉपीची लाल फुलं दिसली की मनाला येईल तिथे थांबता आलंच पाहिजे! कार फ्लॉरेन्स सोडतानाच घ्या, शक्यतो विमानतळावरून. जुन्या शहरांत शिरताना 'झेडटीएल', म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाच्या पाटीकडे नीट लक्ष ठेवा. परवानगीशिवाय आत गेलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनीसुद्धा घरी येते. भारतीय लायसन्ससोबत आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट लागतंच.

ईस्टर, 25 एप्रिल आणि 1 मे या सुट्ट्यांना तुफान गर्दी असते, त्या दिवसांची हॉटेलं आधी ठरवा.