गाडीच्या जादा दिव्यांसाठी ब्रॅकेट स्वतः बनवायचं आहे. पट्टी किती जाडीची घ्यावी, आणि दिवा थरथरू नये म्हणून काय करावं?

माइल्ड स्टीलची 3 मिमी जाड, 40 मिमी रुंद पट्टी बहुतेक दिव्यांना पुरते. अ‍ॅल्युमिनियम असेल तर 5 मिमी. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर लावून बघा. एम8 (8 मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी 9 मिमीचं भोक पाडा, पण त्याची कड वाकवण्याच्या रेषेपासून निदान 10 मिमी लांब ठेवा, नाहीतर ते अंडाकृती होतं.

थरथर होते ती ब्रॅकेटच्या लांब हातामुळे, म्हणजे पुढे आलेल्या पट्टीमुळे. हात शक्य तितका आखूड ठेवा, कोपऱ्यात तिरका आधार वेल्ड करा. ब्रॅकेट चेसिसच्या किंवा बंपरमागच्या लोखंडी बीमच्या मूळ बोल्टवर बसवा. प्लास्टिक बंपरवर नकोच. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा) वापरा. रंगाआधी झिंक प्रायमर, भोकांच्या कडांनाही. गंज तिथूनच सुरू होतो.