गाडी सकाळी स्टार्ट होत नाही? आधी प्लग काढून बघ

मित्रा, दुचाकी मेकॅनिककडे ढकलत नेण्याआधी पंधरा मिनिटं दे. तुझी गाडी कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आहे, त्यामुळे घरीच बरंच कळेल. (२०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक इंजेक्शन असतं, त्यांचं तंत्र वेगळं.)

किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि पेट्रोल कॉक (टाकीखालचा नळ) चालू आहेत का, आधी बघ. कितीतरी गाड्या इथेच चालू होतात. मग इंजिन थंड असतानाच प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) काढ:

- ओला, पेट्रोलचा वास: पेट्रोल येतंय, एकतर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल जास्त झालंय. पुसून बसव, चोक (थंड इंजिनला पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) बंद कर, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किका मार.
- बऱ्याच किका मारूनही कोरडा: पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का, कॉकची जाळी तुंबलीय का, बघ.
- काजळी धरलेला: एअर फिल्टर साफ कर.

ठिणगी बघायला प्लग त्याच्या वायरच्या कॅपमध्ये घाल, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकव आणि किक मार. निळसर, टक् आवाजाची ठिणगी हवी. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धर, तिथून पेट्रोलची वाफ येते.

नवीन माणूस चोक ओढतो आणि वर ॲक्सिलरेटरही पिळत बसतो. ते टाळ. एका वेळी एकच गोष्ट बदल. प्लग परत बसवताना आटे आधी हातानेच धरव, पाना शेवटी. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा. कार्बोरेटरच्या स्क्रूंना सध्या हातच लावू नकोस.

प्लग कसा निघाला ते सांग, मग पुढचं बघू.