वरच्यांचे बायोडाटा वाचून घाबरलेल्या सीएला

अगं,

तुझा मेसेज वाचला. त्या आरोग्य संस्थेत फायनान्सची जागा आहे, अप्लाय करायचंय, पण वरच्या मंडळींचे बायोडाटा बघितलेस तर सगळे डॉक्टर, मग हार्वर्ड नाहीतर जॉन्स हॉपकिन्स, मग जिनिव्हात डब्ल्यूएचओ, आणि तू सदाशिव पेठेत आर्टिकलशिप करून सीए झालेली, म्हणून विचारतेस की काका आधी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, करू का. नको करूस. पुढे मनापासून वाटलं तर कर, पण घाबरून नको.

बांगलादेशची ब्रॅक ही स्वयंसेवी संस्था माहितीये ना? 1972 मध्ये ती सुरू करणारे फझले हसन आबेद डॉक्टर नव्हते, अकाउंटंट होते, शेल कंपनीत फायनान्स बघायचे. 1980 पासून ब्रॅकच्या बायका घरोघर जाऊन आयांना जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवायला लागल्या, दहा वर्षांत एक कोटीच्या वर घरं झाली, आणि त्यांना पैसे कसे मिळायचे ऐक, नुसती किती घरं केली यावर नाही, नंतर दुसरं कोणीतरी जाऊन काही आयांना विचारणार की काय शिकलात, जेवढं त्यांच्या लक्षात राहिलंय त्या मानाने पैसे. मला यात सरळ ऑडिटर दिसतो, व्हाउचर आहे म्हणजे काम झालं असं न मानणारा.

पार्टनर्स इन हेल्थचं घे, गरीब देशांत आरोग्याचं काम करणारी संस्था. 1987, बॉस्टन. नाव सगळे पॉल फार्मरचं घेतात, आणि घ्यावंच, डॉक्टर आणि वर मानववंशशास्त्रज्ञ, जिम किमही तसाच. पण ओफेलिया डाल, अठराव्या वर्षी हैतीत व्हॉलंटिअर म्हणून गेलेली, डॉक्टर नाही, तिने पुढे कितीतरी वर्षं संस्था चालवली. टॉम व्हाइट तर बांधकाम कंत्राटदार, सुरुवातीचे पैसे त्याचे. नव्वदच्या दशकात पेरूत लिमाच्या वस्तीत औषधांना दाद न देणारा टीबी निघाला तेव्हा बरं कसं करायचं ते डॉक्टरांना माहीत होतं, गाडी अडली औषधांच्या किमतीवर, तीही बरीचशी पेटंट संपलेली जुनी औषधं, आणि मग किम त्या किमतींच्याच मागे लागला. 2019 मध्ये शीला डेव्हिस सीईओ झाल्या, त्या मूळच्या नर्स. नर्स एवढ्या मोठ्या खुर्चीत क्वचितच दिसते, मला तरी त्याचं फार अप्रूप वाटलं.

आणि लांब कशाला, आपलं हडपसर. पूनावाला घराणं मूळ घोड्यांच्या स्टड फार्मवालं, 1966 मध्ये सिरम ही लसींची कंपनी काढली. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसची लस इथे तयार झाली, पाथ ही अमेरिकन आरोग्य संस्था आणि डब्ल्यूएचओ यांच्या प्रोजेक्टसाठी, 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोत मोहीम सुरू. त्यात आधी किंमत ठरली, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत, कारण त्यापेक्षा महाग असेल तर तिकडच्या सरकारांना झेपणार नव्हतं, आणि मग त्या किमतीत बसेल अशी लस बनवली. कॉस्टिंगवाल्याशिवाय होतं का हे?

आता उलट बाजू. डिग्रीला नावं ठेवत नाहीये मी. अभय आणि राणी बंग हॉपकिन्सचेच, 1984 चे, पण 1986 ला गडचिरोलीत सर्च ही आरोग्य संस्था सुरू केली आणि तिथेच राहिले. अरोळे पतीपत्नीही हॉपकिन्सहून आले, 1970 मध्ये जामखेडला बसले आणि गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्य सेविका केलं. म्हणून बायोडाटात कॉलेजच्या पुढची ओळ वाच. जिथे काम चालतं तिथे हा माणूस राहिलाय किती? का कन्सल्टिंग फर्ममधून थेट डायरेक्टर? तसलेही चांगले असतात, पण सगळेच तसले असले तर मला धास्ती वाटते, दर मीटिंगला "स्केल" निघतं आणि गावोगाव फिरणाऱ्या एएनएम नर्सताईची एसटी चुकते तेव्हा काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. बोर्डावर त्या त्या देशातलं कोणी आहे का, का सगळे देणगीदारच, तेही बघ.

तुझी गरज कुठे आहे ते सांगतो. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी पैशातून प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांपर्यंत चालायचा तो 20 वर आला, आलेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी, आणि परदेशी पैसा जमा व्हायचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच. परदेशातल्या हेड ऑफिसला हे समजावून सांगणारं, आणि वेळेला "हे करता येणार नाही" म्हणणारं माणूस लागतं, आणि ते एमपीएचमध्ये शिकवत नाहीत गं. इंटरव्ह्यूत विचार, फायनान्स हेड कोणाला रिपोर्ट करतो आणि फील्डवर वर्षातून किती वेळा जातो. उत्तर द्यायला अडखळले तर समजून घे.

जमलं तर त्याआधी एकदा वढूला जाऊन ये, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टर बानू कोयाजींनी उभं केलेलं काम अजून चालू आहे तिथे. आणि संस्थेचे तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट प्रिंट काढून रविवारी चारनंतर घरी ये, फोनवर नको, माझे डोळे आता साथ देत नाहीत. नोट्स टू अकाउंट्सपासून सुरू करू, मजकूर सगळा तिथेच असतो.

काका